मार्चमधली क्रूझ : जावं की रद्द करावं?

मोगरा७९ | २५ फेब्रुवारी २०२०, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. फार दिवसांनी धागा काढतेय, तोही डोक्याला ताप झालाय म्हणून.

आम्ही फ्रीमॉन्टला असतो, कॅलिफोर्नियात. सासू-सासरे डिसेंबरात सांगलीहून आलेत, २८ मार्चचं परतीचं तिकीट आहे. यंदा त्यांच्या लग्नाला ४५ वर्षं झाली, म्हणून नोव्हेंबरातच क्रूझ बुक केली होती. १५ मार्चला लॉस एंजेलिसजवळच्या सॅन पेद्रोहून निघायचं, मेक्सिकोचा किनारा करून (काबो सान लुकास, मासात्लान वगैरे) सात रात्रींनी परत. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि ते दोघं. त्यांना बाल्कनीची खोली, आम्हाला आतली. एकूण ४,३०० डॉलर भरून झालेत.

बाबा ७१ वर्षांचे. २०१६ मध्ये बायपास झालीय, साखर गोळ्यांवर. आई ६६, गुडघे सोडले तर ठणठणीत. बाबांनी हास्यक्लबातल्या झाडून सगळ्यांना फोन करून सांगितलंय की बोटीनं मेक्सिकोला चाललोय. आईंनी भडंगाचा डबा आणि मेतकुटाची बाटली आत्तापासूनच बॅगेत भरलीय. ती पिवळी बॅग हॉलमध्ये सोफ्याशेजारी उभी आहे, येता-जाता माझ्याकडे बघते.

कोरोनामुळे जपानला अडकलेलं ते डायमंड प्रिन्सेस जहाज रोज टीव्हीवर असतं. नवरा म्हणतो, ते तिकडे, आपण इकडे, मध्ये अख्खा पॅसिफिक. आज रद्द केलं तर २५ टक्के परत मिळतील, १ मार्चपासून एक छदामही नाही. तुम्ही काय केलं असतं?

काठावरचा | २५ फेब्रुवारी, रात्री १०:०५

बिनधास्त जा. आमच्या १४ क्रूझ झाल्यात, पंधरावी ७ मार्चला फ्लोरिडाहून. दोनशे-तीनशे जहाजं रोज समुद्रात असतात, बातमी एकाचीच होते. फ्लूनं दरवर्षी अमेरिकेत हजारो माणसं जातात, तेव्हा कोणी धागा काढत नाही.

दर जेवणाआधी हात धुवा, लिफ्टचं बटण कोपरानं दाबा, विषय संपला.

खवचट_काका | २५ फेब्रुवारी, रात्री १०:११

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कापूर-वेलचीची पुरचुंडी गळ्यात बांधायला सांगितलंय. बाल्कनीच्या खोलीत कापूर चालतो का ते आधी विचारा. (दिवे घ्या, गंमत आहे.)

स्टेथोस्कोप | २६ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

मोगरा, फ्लूची तुलना इथं लावू नका. फ्लूची लस आहे, बहुतेकांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती आहे. याची लस नाही आणि औषधही नाही.

चीननं याच महिन्यात ४४,६७२ रुग्णांची आकडेवारी छापली. सरसकट मृत्यूचं प्रमाण २.३ टक्के. पण सत्तरी ते ऐंशीच्या मधल्यांत ८ टक्के, हृदयविकार असलेल्यांत १०.५, मधुमेह असलेल्यांत ७.३. हे आकडे पुढे बदलतील, सौम्य आजाराची माणसं मोजलीच गेली नसणार. तरी उतार कुठल्या दिशेला आहे ते दिसतंच. तुमचे सासरे या तिन्ही रकान्यांत बसतात.

तुम्ही तिघं गेलात तर मी काही बोलणार नाही. त्यांना नेऊ नका.

हिशोबनीस | २६ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

मी एडिसनला असतो, विम्याच्या धंद्यात २० वर्षं झाली. दोन गोष्टी आजच बघून घ्या.

एक, प्रवास विमा. साधी पॉलिसी तुम्ही आजारी पडलात तर पैसे देते, तुम्हाला भीती वाटली म्हणून देत नाही. कुठल्याही कारणानं रद्द करता येईल अशी वेगळी पॉलिसी असते, पण ती पहिली रक्कम भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत घ्यावी लागते, आणि तीही बहुधा ७५ टक्केच देते. नोव्हेंबरात घेतली नसेल तर आता विसरा. नवी कुठलीही पॉलिसी या विषाणूला 'आधीच माहीत असलेली घटना' धरून बाजूला ठेवेल.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. आई-वडील येताना आपण जो व्हिजिटर विमा काढतो त्यात जुनी दुखणी बहुतेक वगळलेली असतात, सत्तरीनंतर तर रक्कमही उतरते. तो विमा जहाजावर आणि मेक्सिकोत चालतो का ते कंपनीला फोन करून विचारा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल थेट तुमच्या खोलीच्या खात्यावर चढतं. मधूनच पेशंट हलवायची वेळ आली तर तो खर्च हजारांत नाही, दहा हजारांच्या पटीत असतो. डॉलर.

मोगरा७९ | २६ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

विम्याच्या कंपनीशी ४० मिनिटं फोनवर होते. मेक्सिको चालेल म्हणाली, फक्त 'मूळ सहलीचा भाग असेल तर'. जहाज चालेल का? तर म्हणे क्लेम आल्यावर ठरेल.

नवऱ्याचं म्हणणं, ७५ टक्के गेलेच आहेत, मग २५ साठी आता जीव कशाला टाकायचा, जाऊन येऊ.

हिशोबनीस | २६ फेब्रुवारी, सकाळी ११:३२

नवऱ्याला सांगा, गेलेले पैसे दोन्ही पारड्यांत सारखेच आहेत, ते काढून ठेवा. एका पारड्यात १,०७५ डॉलर, दुसऱ्यात सात दिवसांची सहल आणि तिच्याबरोबर येणारं जे काय असेल ते. आता तोला.

दर्यावर | २७ फेब्रुवारी, रात्री १:०५ (भारतीय वेळ)

मी मूळचा रत्नागिरीचा, २२ वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनात होतो, आता किनाऱ्यावर आहे. क्रूझवर कधी काम केलं नाही, पण बंदराचे नियम सगळ्यांना एकच.

लागण होईल की नाही यावरच सगळे बोलताहेत. मला दुसरंच सांगायचंय. जहाज बंदराला लागण्याआधी कप्तानाला आरोग्याचं प्रतिज्ञापत्र पाठवावं लागतं, जहाजावर कोण आजारी, कोणाला ताप, सगळं. मग बंदराचे आरोग्यवाले परवानगी देतात. ती मिळेपर्यंत पिवळा बावटा वर असतो आणि गँगवेवरून कोणीही खाली उतरत नाही, मग तुमचा पासपोर्ट कितीही भारी असो. एरवी हे काम तास-दोन तासांत होतं, म्हणून प्रवाशांना कळतही नाही.

आता वेस्टरडॅमचं बघा. १ फेब्रुवारीला हाँगकाँगहून निघालं. फिलिपिन्स नाही म्हणालं, तैवान नाही, जपान नाही, ग्वाम नाही, थायलंड नाही. शेवटी १३ तारखेला कंबोडियानं सिहानूकव्हिलला घेतलं, त्यांचे पंतप्रधान फुलं घेऊन धक्क्यावर आले. १,४५५ प्रवासी, आणि त्यातल्या कोणाला हा आजार असल्याचं सिद्ध झालेलं नाही! नुसत्या संशयावर जवळजवळ दोन आठवडे पाण्यात.

विमानात अडकलात तर काही तासांचा प्रश्न. हॉटेलात अडकलात तर निदान बाहेर रस्ता आहे, ॲम्ब्युलन्स येते. जहाजावरून केव्हा आणि कुठे उतरायचं हे तुम्ही ठरवत नाही, कप्तानही ठरवत नाही. बायपास झालेल्या माणसाच्या गोळ्या किती दिवसांच्या बरोबर घेणार? सात? की एकवीस?

मोगरा७९ | २६ फेब्रुवारी, सकाळी ११:४० (इथली वेळ)

दर्यावर काका, गोळ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी दहा दिवसांच्या मोजून ठेवल्या होत्या.

काठावरचा | २६ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

वेस्टरडॅमवर कोणालाच आजार नव्हता, म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं ना? घाबरट देशांमुळे लोकांचे हाल झाले, विषाणूमुळे नाही.

दर्यावर | २७ फेब्रुवारी, सकाळी ९:०५ (भारतीय वेळ)

हाल झाले एवढं मान्य आहे ना? कोणामुळे ते खोलीत बसून ठरवायला भरपूर वेळ मिळतो.

आबोली_म्हापसा | २७ फेब्रुवारी, दुपारी २:१०

मी इथं वाचत असते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझा धाकटा भाऊ क्रूझवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात आहे, आठ वर्षं झाली. आमच्या गोव्यात घरटी एक तारवटी (जहाजावर काम करणारा) असतो म्हटलं तरी चालेल. तो डायमंड प्रिन्सेसवर नाही, देवाची कृपा. पण त्याच्या ओळखीचे तिथं आहेत. त्या जहाजावर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ कर्मचारी आणि प्रवासी फक्त सहा. आज १९९ नाही, ११९ जणांना एअर इंडियाच्या विमानानं दिल्लीला आणलं (घाईत टंकतेय). १६ जण आजारी पडून जपानच्या हॉस्पिटलांत.

टीव्हीवर सांगतात की प्रवाशांना १४ दिवस खोलीत ठेवलं. मग त्यांचं जेवण कोण नेत होतं? हीच पोरं. तीन वेळा ताटं दारापर्यंत न्यायची, उष्टी परत आणायची, आणि मग खाली येऊन सगळ्यांनी एकाच मेसमध्ये जेवायचं. झोपायला दोघांत एक खोली, वर-खाली बंक, खिडकी नाही. भाऊ म्हणतो खोलीत दोघं एकाच वेळी उभं राहून कपडे बदलू शकत नाहीत. तिथं कसलं विलगीकरण?

तुम्ही जा किंवा नका जाऊ, तो तुमचा प्रश्न. एवढंच सांगायचं होतं की तुम्ही रद्द करू शकता.

खवचट_काका | २७ फेब्रुवारी, दुपारी २:४०

आबोलीताई, आमचे विनोद मागे घेतो.

मोगरा७९ | २७ फेब्रुवारी, रात्री ८:३०

काल सोलानो काउंटीत एक रुग्ण सापडला, आमच्यापासून तासाभरावर. ना चीनला गेलेला, ना कोणा आजाऱ्याच्या संपर्कात आलेला. म्हणजे इथंच पसरतोय.

घरात बैठक झाली. बाबा एका वाक्यात मोकळे झाले, "तुम्ही म्हणाल तसं." आई म्हणाल्या, "यांना विचारू नका, यांनी जोश्यांना काबोचे फोटो पाठवून झालेत, गूगलवरचे." मी म्हटलं, आपण तिघं जातो, तुम्ही घरी थांबा. तर बाबा म्हणाले, "म्हणजे आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तुम्ही जाणार?" यावर काय बोलणार.

अजून ठरलेलं नाही.

ऍडमिन | २९ फेब्रुवारी

दोन प्रतिसाद उडवले आहेत. घरगुती उपायांचे फॉरवर्ड आणि 'अमुक देशाचे लोक काहीही खातात' छाप मजकूर इथे चालणार नाही. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

मोगरा७९ | १ मार्च, सकाळी १०:००

काल रात्री बारापर्यंत लॅपटॉप उघडा ठेवून दोघं बसलो होतो. बटण दाबलं नाही. आता २५ टक्केही गेले. शिव्या घाला.

स्टेथोस्कोप | १ मार्च, सकाळी १०:२०

शिव्या नाही. पण यापुढे ठरवताना पैशांचा मुद्दा नाही, हे तरी बरं झालं.

मोगरा७९ | ४ मार्च, संध्याकाळी ७:१५

कॅलिफोर्नियातला पहिला मृत्यू आज जाहीर झाला, प्लेसर काउंटीत. वय ७१. फेब्रुवारीत ग्रँड प्रिन्सेस या क्रूझवर होता. सॅन फ्रान्सिस्कोहून मेक्सिको, ११ ते २१ फेब्रुवारी.

म्हणजे मध्ये अख्खा पॅसिफिक वगैरे काही नाही. आम्ही जाणार तोच किनारा. गव्हर्नरांनी आणीबाणी जाहीर केलीय. आणि ते जहाज माणसं उतरवून, नवी माणसं घेऊन त्याच दिवशी हवाईला गेलं होतं, काही प्रवासी तेच, कर्मचारी तेच. आता परत येतंय आणि किनाऱ्याबाहेर थांबवलंय.

बाबांनी बातमी बघितली. वय ऐकून रिमोट खाली ठेवला. काही बोलले नाहीत.

काठावरचा | ४ मार्च, रात्री ८:००

वाईट झालं. तरीही आम्ही जातोय. मी ५२, बायको ४९, पूर्वेकडून निघतोय, कॅरिबियनला. वृद्धांना नेऊ नका हे मात्र आता मलाही पटलं.

मोगरा७९ | ६ मार्च, रात्री ९:५०

ठरलं. रद्द. आणि कोणी ठरवलं ते ऐका.

काल टीव्हीवर दाखवत होते, ग्रँड प्रिन्सेसवर तपासणीची किट पोचवायला हेलिकॉप्टर गेलं. खाली उतरायला जागा नाही, म्हणून वरूनच दोरीनं सोडली. बाबा खुर्ची पुढे ओढून बघत होते. मग म्हणाले, "विहिरीत पोहरा सोडावा तसं सोडलंय की." पुन्हा दाखवलं, पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाले, "सूनबाई, माझ्या छातीत दुखलं तर डॉक्टर पण असाच दोरीनं यायचा काय?"

आज निकाल आले. ४६ जण तपासले, २१ जणांना लागण, त्यातले १९ कर्मचारी. (आबोली, तुझीच आठवण झाली.) आणि राष्ट्राध्यक्ष म्हणतात जहाजावरच्यांना खाली न घेतलेलं बरं, उगाच आपले आकडे दुप्पट दिसतील. दर्यावर काकांनी गेल्या आठवड्यात जे सांगितलं ते आज खुद्द ट्रम्पच्या तोंडून ऐकलं.

योगायोग बघा. आमच्या कंपनीनं आजच नियम बदलला, निघण्याच्या ४८ तास आधीपर्यंत रद्द करा, पूर्ण रक्कम पुढच्या क्रूझसाठी जमा. २९ तारखेला बटण दाबलं असतं तर २५ टक्के घेऊन बसलो असतो. नवरा तेव्हापासून शहाण्यासारखा चेहरा करून फिरतोय.

हिशोबनीस | ६ मार्च, रात्री १०:१५

अभिनंदन, पण जमा म्हणजे रोख नव्हे. मुदत किती, दोन खोल्यांची रक्कम एकाच्या नावावर की प्रत्येकाच्या, हस्तांतर करता येतं का, सगळं लेखी मागवा. सासू-सासरे परत गेल्यावर त्यांच्या नावावरची रक्कम सांगलीत बसून कशी वापरणार?

मोगरा७९ | ६ मार्च, रात्री १०:२४

ई-मेल आत्ता उघडलं. प्रत्येकाच्या नावावर आहे. अरे देवा.

दर्यावर | १० मार्च

काल ते ग्रँड प्रिन्सेस ओकलंडला लावलं. गोल्डन गेटखालून जाताना सगळे प्रवासी बाल्कनीत उभे होते, पाहिलंत का? कॅलिफोर्नियाच्या लोकांना ट्रॅव्हिसच्या हवाई तळावर १४ दिवस ठेवणार. रोगी आधी, मग बाकीचे, असं टप्प्याटप्प्यानं उतरवताहेत. कर्मचारी उतरणार नाहीत, जहाजावरच.

इकडे पुण्यातही काल दोन रुग्ण सापडले, दुबईहून आलेले. आता कुठलं सुरक्षित आणि कुठलं नाही हा प्रश्नच राहिला नाही.

काठावरचा | १२ मार्च, रात्री ११:००

जहाजावरून लिहितोय, नेट महाग आहे म्हणून थोडक्यात. आम्ही ठीक. कॅसिनो, बुफे सगळं सुरू. फरक एवढाच की आता बुफेत चमचा आपण धरायचा नाही, ते वाढतात. काल जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीर केल्यापासून लोक एकमेकांकडे बघून खोकला गिळतात. एका बंदरानं आम्हाला घेतलं नाही, बायको दिवसभर डेकवर बसून तो किनारा बघत होती.

काठावरचा | १४ मार्च, दुपारी ३:३०

घरी पोचलो. काल बहुतेक मोठ्या कंपन्यांनी निदान महिनाभर जहाजं थांबवली. खरं सांगू? आम्हाला काहीच झालं नाही. सहल झकास झाली, आणि उतरताना कोणी तापसुद्धा तपासला नाही. तीन हजार माणसं बॅगा घेऊन सरळ विमानतळावर. हे मात्र मला आवडलं नाही.

दोन आठवडे घरातच बसणार आहोत. बायकोच्या आईला भेटायला जायचं होतं, ते रद्द.

स्टेथोस्कोप | १४ मार्च, दुपारी ३:५०

काठावरचा, हे शेवटचं वाक्य लिहिलंत त्याबद्दल धन्यवाद.

मोगरा७९ | २० मार्च, सकाळी ८:००

धागा वर काढतेय, विषय थोडा बदललाय.

आमच्याकडे १७ पासून घराबाहेर पडायची बंदी आहे. काल भारतानं जाहीर केलं, २२ पासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद. आत्ता आठवडाभरासाठी म्हणताहेत. बाबांचं तिकीट २८ चं. २२ च्या आत सगळी तिकिटं संपली, होती ती चौपट भावाची आणि दोन थांब्यांची, या वयात त्यांना त्या गर्दीत घालायचं नाही असं ठरवलं.

म्हणजे जहाजावर अडकले नाहीत ते फ्रीमॉन्टला अडकले. गोळ्या ५ एप्रिलपर्यंत पुरतील. त्यातली एक सांगलीच्या कंपनीच्या नावानं येते, इथं त्याच घटकाची कुठल्या नावानं मिळते कोणी सांगेल का? व्हिसाची मुदत जूनपर्यंत आहे, वाढवायचा अर्ज कधी करावा?

पिवळी बॅग अजून हॉलमध्येच आहे. भडंग संपलं.

स्टेथोस्कोप | २० मार्च, सकाळी ८:१८

नाव इथे लिहू नका, गोळीच्या पाकिटावरचा घटक आणि मात्रा मला व्यनि (खाजगी निरोप) करा. सांगलीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी ई-मेलवर मागवा. इथल्या डॉक्टरची व्हिडिओवर वेळ मिळेल, नव्या चिठ्ठीवर इथल्या दुकानात बहुतेक सगळं मिळतं, आणि यातल्या बऱ्याच गोळ्या विम्याशिवायही फार महाग नसतात. ५ तारखेची वाट बघू नका.

हिशोबनीस | २० मार्च, सकाळी ९:००

मुदत संपायच्या ४५ दिवस आधी अर्ज टाका. विमाही वाढवून घ्या, तो २८ लाच संपत असणार.

आबोली_म्हापसा | २४ एप्रिल, रात्री १०:३०

कोणी वाचतंय का इथं अजून?

काल मुंबई बंदरात एका जहाजावरच्या आपल्या १४६ पोरांना उतरू दिलं. किती दिवस ते किनाऱ्याबाहेर उभे होते. भाऊ त्या जहाजावर नाही. त्याचं जहाज बहामाजवळ नांगर टाकून आहे, प्रवासी मार्चमध्येच उतरले. कंत्राट संपलंय. विमान नाही, म्हणून सोडत नाहीत.

आता प्रत्येकाला वेगळी खोली दिलीय, वरच्या मजल्यावर, प्रवाशांची. बाल्कनीची. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याला झोपायला खिडकी मिळाली. काल फोटो पाठवला, कठड्याला टेकून उभा आहे, मागं नुसतं पाणी.

आई फोटो बोटांनी मोठा करून कितीतरी वेळ बघत होती, मागं कुठं जमीन दिसते का म्हणून.